लादी चकाचक, आजी भुईसपाट

गणपतीला चाकरमानी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावी येतात, आरत्यांना घसा बसेपर्यंत ओरडतात आणि निघताना आईबाबांच्या सुरक्षिततेची सोय लावून जातात. म्हणजे ओटीवर कॅमेरा बसवतात. आता आजी पडली की कांदिवलीत लगेच दिसते, तीही रंगीत. उचलायला शेजारच्या वहिनीच लागतात. त्यांचा नंबर मात्र कुणाच्याच मोबाइलमध्ये नसतो.

त्याआधी घर 'नवं' झालेलं असतं. जुना कोबा उखडून त्याजागी आरशासारखी लादी. कोबा दिसायला ओबडधोबड, पण ओला पाय त्यावर ठरायचा. नव्या लादीत पाहुण्यांना आपला चेहरा दिसतो आणि आजोबांचा पाय ठरत नाही. मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर आषाढापासून शेवाळ, न्हाणीतला दिवा उडालेला, दाराला आतून कडी. इकडे खर्च शून्य, कारण इकडे पाहुणे येत नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे ८२ हजारांनी घटली. गेले ते कमावते, राहिले ते गुडघे दुखणारे. सरकारचं त्यांच्याकडे लक्ष नाही असं म्हणवत नाही. पंचाहत्तरी ओलांडली की एसटीचं तिकीट माफ. पहिली पायरी मात्र होती तेवढीच उंच. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३ हजार रुपये मिळतात, त्यातून वॉकर घेता येतो; तो ज्या उंबरठ्याला अडतो, त्याचं ज्यानं त्यानं बघावं. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. खुबा मोडल्यावर सरकार आहेच. तो मोडू नये म्हणून भिंतीला लागतो स्टीलचा एक दांडा, हजार रुपयांच्या आतला. त्याचं उद्घाटन करता येत नाही, हीच अडचण असावी.

ज्येष्ठही कमी नाहीत. "दांडा? माका काय धाड भरलीहा?" असं एक्याऐंशीव्या वर्षी ठणकावतात आणि टॉवेलच्या दांडीला लोंबकळून उठतात. ती दांडी ओल्या पंचाचं वजन पेलायला केलेली असते, आजोबांचं नव्हे. एक दिवस ती भिंतीसकट हातात येते आणि आजोबा जिल्हा रुग्णालयात. स्वाभिमान शाबूत, मांडीचं हाड सोडून.

याच गावात स्वामी स्वरूपानंद देसायांच्या 'अनंत निवासा'त जवळपास चाळीस वर्षं राहिले. मोठे योगी, तरी राहिले माणसांच्या घरात, हाकेला ओ देणाऱ्यांमध्ये. आपण साधे संसारी, पण म्हाताऱ्यांना रिकाम्या नऊखणी घरात ठेवून वर त्यांच्या खंबीरपणाचं कौतुक करतो.

तेव्हा पुढच्या खेपेला पेढ्यांबरोबर थोडं सामान आणा. न्हाणीत आणि संडासात भिंतीत पक्का रोवलेला दांडा. पलंगावरून हात पोचेल असं दिव्याचं बटण. बाहेरूनही उघडेल अशी कडी. मागच्या पायरीला कठडा आणि शेवाळ खरवडणाऱ्याची मजुरी. काम एका दिवसाचं आहे. मिस्त्री मिळत नाही, ही सबब तेवढी सांगू नका. लादी बसवायला मिळाला होता.