पोरं फिरली म्हणे

बीडची तरुण पोरं पक्ष बदलायला लागली, याची पुढाऱ्यांना मोठी काळजी. आता बघा, परळीत 2019 साली धनंजय मुंडेंनी पंकजाताईंना पाडलं. 2024 च्या लोकसभेला तेच धनंजय ताईंसाठी मतं मागत फिरले. बजरंग सोनवणे निवडणुकीच्या तोंडावर अजितदादांकडून शरद पवारांकडे आले आणि 6,553 मतांनी खासदार झाले. केजच्या नमिता मुंदडांची उमेदवारी शरद पवारांनी 2019 ला जाहीर केली. त्या निवडून आल्या, पण कमळावर. सुरेश धसांचा पक्षांतराचा प्रवास तर सांगायलाच नको.

आणि फिरलं कोण? पोरगं!

अहो, त्या पोराने गाडीच्या मागच्या काचेवर साहेबांचा फोटो चिकटवला होता. साहेब पलीकडे गेले, आता खरवडून काढलं तरी डिंक निघत नाही. घरी कापूस-सोयाबीनला भाव नाही, आई-बाप ऊसतोडीला, पोरगं पुण्यात एमपीएससीच्या जाहिरातीची वाट बघतंय. लोकसभेला आरक्षणाच्या रागात बटण दाबलं, तर सहाच महिन्यांत जिल्ह्यातल्या विधानसभेच्या सहापैकी पाच जागा महायुतीला. दरम्यान बहिणीच्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे दीड हजार आले होते, भावाच्या नाही. आता विश्लेषक म्हणतात, तरुणांची निष्ठा पातळ झाली.

तर पुढाऱ्यांनो, पोरांना निष्ठा शिकवायची असेल तर जरूर शिकवा. फक्त सध्या कुठल्या पक्षात आहात, तेवढं आधी सांगा.