डॉक्टरसाहेब, पाय उघडेच होते

परम आदरणीय डॉक्टरसाहेब यांसी,
मुखेड तालुक्यातल्या एका मुलाचा साष्टांग नमस्कार.

नऊ वर्षं आपण माझ्या आईची शुगर सांभाळलीत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आपण एकदाही लिहून दिली नाहीत. आमचे पैसे वाचले. नांदेडला यायच्या आदल्या दिवशी आई भात सोडायची, रात्री चतकोर भाकरीवर निजायची. सकाळी उपाशीपोटी ११८ भरली की आपण म्हणायचात, "मावशी, एकदम कंट्रोल!" महिन्याच्या उरलेल्या दिवसांची चौकशी करून आपण तिला कधी अवघडवलं नाहीत.

कमजोरी आली म्हणाली की लगेच सलाईन. केवढी माया! बाटलीवर ५ टक्के डेक्स्ट्रोज लिहिलेलं असायचं. म्हणजे अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर, थेट शिरेत. घरी बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बाईचे एवढे लाड आम्हाला जमले नसते.

गुडघ्याच्या सुईचेही उपकार आहेत. त्यात स्टिरॉइड होतं आणि त्यानं साखर चढते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आपण तेव्हा तिलाच दटावलंत, "लातूरच्या लग्नात गोड हाणलं ना?" तिनं बुंदीचा कणही तोंडात घातला नव्हता. तरी मान खाली घालून "चुकलं डॉक्टर" म्हणाली. ते मला अजून सहन होत नाही.

डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, लघवीतलं प्रोटीन बघा, असल्या वर्षातून एकदाच्या कटकटीही आपण मागे लावल्या नाहीत.

मग पायाचा अंगठा काळा पडला. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं तिला डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवत विचारलं, "आजी, कळतंय का?"

आई म्हणाली, "लावा की आता."

धागा सहा ठिकाणी लावून झाला होता.

अंगठा काढावा लागला. आई अजूनही आपल्याला देवमाणूस म्हणते, म्हणून हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही. साहेब, हात जोडून एवढंच मागतो, पुढच्या मावशीच्या पावलांकडे एकदा वाकून बघा. आपल्या केबिनच्या दारावर पाटी आहे, 'चपला बाहेर काढाव्यात'. नऊ वर्षं दर महिन्याला आई अनवाणीच आपल्यासमोर बसत होती.