तोफशेठ

जुन्या बाजारातल्या गाळ्यात घंगाळं, ग्रामोफोन आणि बंद पडलेली घड्याळं पुढे. शेठ मागे, तोफेवर बसलेले. कपाळी गंध, आणि गिऱ्हाईक दिसताच आवाजात इतिहास. "साहेब, हात लावून बघा. आरमारातली आहे."

साहेब बहुधा मुळशीकडे फार्महाऊस बांधलेले. त्यांना फाटकाच्या दोन बाजूंना दोन तोफा हव्या असतात आणि शेठकडे जोडी नेहमी तयार असते. भाव वजनावर नाही, घराण्यावर. तुम्ही आंग्र्यांचं नाव काढलंत तर तोफ आंग्र्यांची, पेशव्यांचं काढलंत तर पेशव्यांची.

समुद्रातून निघालेली लोखंडी तोफ जाणकार लोक महिनोन् महिने कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यात वीज सोडतात आणि लोखंडात मुरलेलं मीठ काढतात. नाहीतर वाळताना तिचे पापुद्रे सुटतात. शेठ नवीकोरी नळी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. लोक गंज उतरवतात, हे चढवतात.

जुन्या इंग्रजी तोफांवर वजनाचे तीन आकडे कोरलेले असतात. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंडांचा. दुसरा त्याच्या पावांचा, तिसरा उरलेल्या पौंडांचा. 24-2-10 म्हणजे सुमारे 1,250 किलो. साहजिकच मधला आकडा 3 च्या वर जात नाही आणि शेवटचा 27 च्या. शेठच्या इंग्रजी तोफेवर कोरलंय : 6-6-74. "राज्याभिषेकाची तारीख, साहेब!" साहेब डोळे पुसतात आणि चेकबुक काढतात. मग दोन हमाल ती आरमारी तोफ गप्पा मारत टेम्पोत चढवतात.

1972 च्या कायद्यानं 100 वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. शेठकडे तो नाही, आणि गरजही नाही. पावतीवर ते "शोभेची लोखंडी वस्तू" लिहितात. तोफ गिऱ्हाइकासाठी तीनशे वर्षांची, सरकारसाठी तीन महिन्यांची. सरकारशी ते खोटं बोलत नाहीत.

तेव्हा तोफ घ्यायला जाल तर मधला आकडा बघा. 3 च्या वर असेल तर घासाघीस करा, कारण भाव भंगाराचाच व्हायला हवा. आकडे बरोबर जुळले, तर आधी परवाना मागा. खोट्या तोफेत फक्त पैसे जातात. खरी बिनकागदाची निघाली, तर फाटकाशी तोफेऐवजी पोलीस उभे राहतील.