खडवली मुक्कामी रेड ब्लेंड उघडण्याचा विधी

टिटवाळा ते वासिंद या पट्ट्यात राहणाऱ्या आणि एखाद्या छोट्या वायनरीची लाल वाईन घरात आणण्याची इच्छा झालेल्या गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी वाचलं तरी चालेल, पण त्यांच्या शंकांना उत्तरं मिळणार नाहीत. बिअर, व्हिस्की आणि क्वार्टर यांना मार्गदर्शन लागत नाही. ती विद्या माणसाला मित्रांकडून आपोआप येते. रेड ब्लेंड मात्र शिकावी लागते, आणि शिकून झाल्यावर घरच्यांना समजावून सांगावी लागते. दुसरं काम जास्त अवघड.

सुरुवात बाटली मिळवण्यापासून. सोपा मार्ग वाईन शॉपचा, आणि तो चुकीचा आहे. आपल्याकडच्या वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळ्याचा खप असतो. वाईन असते, नाही असं नाही. पण ती सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, गेल्या दिवाळीपासून उभी असते. उजेड आणि उष्णता हे वाईनचे दोन वैरी, आणि दुकानात तिची जागा बरोबर त्या दोघांच्या मधे. ‘रेड ब्लेंड आहे का?’ असं विचारलंत तर दुकानदार ‘ब्लेंडर्स ना?’ म्हणून व्हिस्कीची बाटली पुढे सरकवतो. त्याच्यावर रागावू नये. दिवसभरात त्याला तुमच्यासारखा प्रश्न विचारणारे तुम्हीच.

दुसरा मार्ग घाट चढण्याचा. खडवलीला कसारा लोकल पकडावी. कसाऱ्याच्या पुढे लोकल जात नाही, तेव्हा तिथून शेअर टॅक्सीत मागच्या सीटवर चौथं बसावं. गाडी असेल तर पडघ्यावरून आमण्याला समृद्धी महामार्ग गाठावा. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि घाटावरची द्राक्षं आपल्याला डोंबिवलीच्या व्याह्यांपेक्षा फार लांब राहिली नाहीत. इगतपुरी तालुक्यात कावनईला वालोने नावाची छोटी वायनरी आहे. कावनईलाच कपिलधारा तीर्थ आहे. त्यामुळे ‘जरा तीर्थाला जाऊन येतो’ असं सांगून निघालात तर ते सर्वस्वी खोटं ठरत नाही.

उत्पादक छोटा आणि स्वतंत्र हवा असेल, तर तो अजून स्वतंत्र आहे ना, याची निघण्यापूर्वी खात्री करावी. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूला गुरनानी कुटुंबाने यॉर्क वायनरी काढली. नाव इंग्लंडातल्या गावाचं वाटतं, पण ते तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून ठेवलेलं, म्हणजे आपल्याकडे बंगल्याला ठेवतात तसंच. शिराझ आणि कॅबर्ने या द्राक्षांची त्यांची ‘अॅरॉस’ नावाची ब्लेंड जाणकारांत नावाजली गेली. २०२१ साली सुला या मोठ्या वाईन कंपनीने यॉर्क विकत घेतली. वाईन त्यामुळे बिघडते असं नाही. पण बाटली उघडताना पाहुण्यांना ‘एका छोट्या माणसाची आहे बरं का’ असं सांगण्याचा जो निम्मा आनंद असतो, तो गेला.

छोट्या वायनरीला द्राक्षं पिकवण्यापेक्षा कल्याणच्या दुकानातली फळी मिळवणं कठीण जातं, असं माझं मत आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वेगळ्या कपाटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर उभा महाराष्ट्र वाईन ही दारू की शेतमाल यावर भांडला. ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द जन्माला आला, अण्णा हजारेंनी उपोषणाची घोषणा केली. कपाट काही आलं नाही. त्या वादात दोन्ही बाजूंच्या किती जणांनी वाईन चाखून पाहिली होती, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही विचारत नाही.

आता कायदा. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात आणि आजन्म हजारात. परवाना आरोग्य राखण्यासाठी दिला जातो, असं त्या कागदाचं म्हणणं आहे. तो लॅमिनेट करून घरात ठेवावा. सासरेबुवा आले की ‘सरकारनेच सांगितलंय’ असं म्हणून दाखवता येतो.

मुहूर्त काढणं याहून कठीण. सोमवार शंकराचा. मंगळवार टिटवाळ्याच्या गणपतीचा, आणि तो एकाच स्टेशनाच्या अंतरावर बसलेला असल्यामुळे त्याच्यापासून काही लपत नाही. गुरुवार दत्ताचा आणि स्वामींचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. श्रावण, पितृपक्ष, नवरात्र आणि मार्गशीर्ष वजा करावेत. उरतात बुधवार आणि रविवार, पैकी बुधवारी माणूस उभ्याने प्रवास करून रात्री साडेनऊला घरी येतो आणि त्याला झोपेखेरीज कशाचीच चव कळत नाही. म्हणजे रविवार. त्यातही आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी वगैरे ड्राय डे पाहून घ्यावेत. गटारीला ही बाटली चुकूनही बाहेर काढू नये. त्या दिवशी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही, आणि पाहिलंच तर तीत थम्सअप ओतलं जाईल.

स्थळ घरच असावं. नदीवर नेऊ नये. एवढी एक सूचना विनोद बाजूला ठेवून वाचावी. भातसेच्या पात्रात सहलीला आलेली पोरं पावसाळ्यात बुडतात, आणि काठावर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा गावातल्या बायकापोरांच्या पायात जातात. शिवाय हेच पाणी पुढे पिसे बंधाऱ्यावरून मुंबईकरांच्या नळाला जातं.

तापमानाबद्दल पुस्तकांत लिहिलेलं असतं की रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली युरोपातली, जाड दगडी भिंतींची आणि १६ ते १८ अंशांची. आपली खोली चौथ्या मजल्यावर, गच्चीखाली. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो, आणि त्या तापमानाला रेड वाईन कफ सिरपची आठवण करून देते. म्हणून पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. एरवी ती पलंगाखाली अंधारात ठेवावी, आणि बूच असेल तर आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर उभीही चालते. फिरकीच्या झाकणाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. रविवारी रात्री खडवलीत कॉर्कस्क्रू शोधायला त्यांना पाठवावं. बुचाची बाटली असून कॉर्कस्क्रू नसेल तर बूच लाटण्याच्या टोकाने आत ढकलावं. वाईनला काही होत नाही, फक्त शोभा जाते.

ब्लेंड म्हणजे काय, हे मात्र बाटली उघडण्याआधीच तोंडपाठ करून ठेवावं. कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो आणि त्यामागे भेसळीचा संशय असतो. ‘म्हणजे मिक्स केलेली?’ असं सासरे विचारतात. इथे फ्रेंच नावं घेऊ नयेत, थालीपिठाची भाजणी सांगावी. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद ज्याचे त्याचे वेगळे भाजतात, कारण प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ वेगळा. मग एकत्र दळतात, आणि धणे किती घालायचे यावर घराण्याची ओळख ठरते. ब्लेंडचंही साधारण तेच. द्राक्षाच्या जाती वेगवेगळ्या दिवशी पिकतात, म्हणून बहुधा वेगळ्या खुडतात आणि वेगळ्या टाकीत आंबवतात. लाल द्राक्षाचाही रस बहुतेक वेळा पांढुरकाच निघतो. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो, म्हणून सालं रसात मुरवत ठेवावी लागतात. कॅबर्ने तुरटपणा आणि ताठ कणा देते, शिराझ गडद रंग आणि मिऱ्यासारखा झणका, मर्लो दोघींची भांडणं मिटवते. मग काही महिन्यांनी वाईन करणारा मापाच्या नळ्या घेऊन बसतो, साठ-चाळीस, सत्तर-तीस असं जुळवत राहतो, घोट घेतो आणि थुंकतो. थुंकण्याचा भाग सासऱ्यांना सांगू नये.

हे प्रमाण दर वर्षी तेच राहत नाही, आणि छोट्या उत्पादकाची गंमत तिथे आहे. युरोपात वेली हिवाळ्यात झोपतात. नाशिकला त्यांना झोप नाही. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडणी. मधे अवकाळी पाऊस किंवा गारा आल्या तर एखाद्या जातीचे घड कुजतात, आणि दहा-वीस एकरवाल्याला दुसरीकडचा माल ओतून चव सारखी करणं परवडत नाही. मग त्या साली शिराझ कमी, कॅबर्ने जास्त. बाजरी महाग झाली की आपण ज्वारी वाढवतोच की. मोठ्या कारखान्याची वाईन दर वर्षी तशीच लागावी यासाठी माणसं पगार घेतात. छोट्याची गेल्या वर्षीसारखी लागली नाही तर तक्रार करू नये, त्या वर्षी पाऊस कधी पडला होता ते आठवावं. ब्लेंड कधीकधी चुका झाकायलाही करतात, हे खरं आहे. पण तो अधिकार फोडणीला असेल तर वाईनला का नसावा?

बाटली उघडल्यावर ओतण्याची घाई नको. तरुण लाल वाईन हवेशी बोलली की निवळते, म्हणून पाण्याच्या स्टीलच्या जगात अर्धा तास काढून ठेवावी. तळाशी थोडा गाळ दिसेल, कारण छोटे उत्पादक पुष्कळदा कमी गाळतात. तो निरुपद्रवी आहे, पण ‘खराब निघाली, परत करा’ हे वाक्य त्याच वेळी ऐकू येईल. पुढचा संवाद बहुधा असा होतो:

‘जावईबापू, यात सोडा किती घालायचा?’

‘नाही घालत, बाबा. अशीच प्यायची.’

‘अशीच? मग बर्फ तरी आणा.’

बर्फ आणावा. पुस्तकं काहीही म्हणोत, मे महिन्यात वडीलधाऱ्या माणसाला बर्फाचा खडा नाकारणं हे वाईनमध्ये बर्फ घालण्यापेक्षा मोठं पाप आहे. ग्लास म्हणाल तर पातळ देठाचा विकत आणू नये, तो पहिल्याच धुण्यात फुटतो. काचेचा साधा ग्लास घ्यावा आणि एक तृतीयांशच भरावा. अर्ध्याहून जास्त रिकामा ग्लास पाहून पाहुणे कंजूष म्हणतील. म्हणू द्यावं.

चवीचं वर्णन करताना लेबलवरचं ब्लॅककरंट, सिडार वगैरे वाचून दाखवू नये. आपण ती फळं-लाकडं पाहिलेली नाहीत आणि लेबल लिहिणाऱ्यानेही किती पाहिली असतील देव जाणे. मे महिन्यात आसनगाव-वासिंदच्या फलाटावर पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन बसणाऱ्या बायका असतात. त्यांचा माल ज्याने खाल्ला आहे त्याला जीभ आवळणारा तुरटपणा शिकवायला नको. सासऱ्यांनी ‘जांभळाची बी चावल्यासारखं लागतंय’ असं म्हटलं तर त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

सोबत काय वाढायचं यावर भांडण होणार. आगरी पद्धतीचं झणझणीत मटण ठेवलंत तर तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चेतवतात, वाईन कडू लागते आणि मटणाचाही अपमान होतो. सुकट-बोंबलाबरोबर तुरटपणा लोखंडासारखा लागतो, तेव्हा तेही नको. मटण करावं, पण मसाल्याचा हात आखडून, कांदा-खोबरं भाजून, सुकं. चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीतही उत्तम जातं, आणि थंडीत कुठे पोपटी लागली तर प्रश्नच मिटला. धूर, वालाच्या शेंगा, जेमतेम तिखट: रेड ब्लेंडने आणखी काय मागायचं?

उरलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. फ्रिजमध्ये कोकम सरबताशेजारी ठेवू नये, मुलांच्या शाळेतून फोन येतो. पुढे ती आंबट होते, मग मटणाच्या मॅरिनेशनला वापरावी. रिकाम्या बाटलीचं काय करायचं हा शेवटचा प्रश्न. भंगारवाला ती घेताना तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात मोजतो. म्हणून लेबल भिजवून काढावं आणि बाटलीत मनी प्लांट लावून ती बाल्कनीत ठेवावी. एकच ठेवावी. समोरच्या विंगमधल्या काकूंना मनी प्लांट मोजता येतात.