कुकर-निवड : पद्धत आणि पथ्ये

मराठी घरात कुकर विकत घेण्याचे प्रसंग थोडे. संसारातला पहिला कुकर बहुधा आहेरात येतो आणि त्याच्या निवडीत वापरणाऱ्याला मत नसते. दुसऱ्याच्या निवडीत सगळ्यांना मत असते, म्हणून मार्गदर्शनाची गरज दुसऱ्या वेळी पडते. दांडा खिळखिळा झाला, झाकण बसताना अडू लागले किंवा नवी रिंग घालूनही कडेने वाफ जाऊ लागली, की खरेदीची वेळ झाली असे समजावे. व्यवहारात या वेळेनंतरही दोन-तीन वर्षे सहज निघतात. रिंग थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली की ती आकसते आणि एका वरणभातापुरती वाफ धरते. कडेला कणीक लिंपण्याचा प्रकारही रूढ आहे. तो करू नये, आणि केल्यास पोळ्यांची कणीक वापरू नये.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. उघड्या पातेल्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळते आणि कितीही आच लावली तरी तिथेच थांबते. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की उत्कलनबिंदू चढतो. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब असतो आणि आतले तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. उंचीवर उलट घडते. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरला ९६ च्याही थोडे खाली. पातेल्यातली तूरडाळ तिथे जास्त वेळ खाते, आणि पुण्यातल्या दोन अंशांचा दोष मुंबईचे पाहुणे डाळीला देतात. हे तत्त्व दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये भांड्यात उतरवले. त्याला वरणाशी कर्तव्य नव्हते; हाडे मऊ करायची होती. भांडे फुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह बसवण्याची युक्तीही त्याचीच.

निवडीचा पहिला प्रश्न आकारमानाचा. खोक्यावर लिहिलेले लिटर काठोकाठचे असतात. कुकर एरवी दोन-तृतीयांशापर्यंत आणि फुगणारा भात किंवा फेसाळणारी डाळ असेल तर निम्म्यापर्यंतच भरायचा असल्याने पाच लिटरच्या कुकरमध्ये नुसती डाळ शिजवायची तर ती पाण्यासकट अडीच लिटर मावते. चौघांच्या घराला पाच लिटर पुरतो, दोघांना तीन. तरीही दुकानात सात किंवा दहा लिटरकडे हात जातो, कारण ‘पाहुणे आले तर’ नावाचा एक कायमचा सदस्य प्रत्येक मराठी कुटुंबात मोजला जातो. पाहुणे आले की शेजारचा मोठा कुकर मागून आणला जातो, ही वस्तुस्थिती हिशेबात धरावी.

धातूबद्दल फार बोलले जाते, पण प्रश्न तेवढा खोल नाही. अॅल्युमिनियम हलके, स्वस्त आणि उष्णता चटकन पसरवणारे. स्टील दिसायला चांगले, पण उष्णता वाहण्यात अॅल्युमिनियमच्या पंधरा पट मागे. म्हणून चांगल्या स्टीलच्या कुकरच्या बुडात अॅल्युमिनियमचा थर दडवलेला असतो. अॅल्युमिनियम जड पाण्याने आतून काळे पडते. त्यावर लिंबाची पिळलेली फोड तळाच्या पाण्यात टाकणे हा उपाय पिढीजात आहे आणि लागूही पडतो. घरात इंडक्शन शेगडी असेल तर मात्र बुडाला चुंबक चिकटलेच पाहिजे, आणि सगळे स्टील चुंबकाला दाद देत नाही. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता फ्रीजच्या दारावरचा चुंबकाचा गणपती खिशात घालून दुकानात जावे.

खरा पेच झाकणाचा आहे. हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही नावांचे कुकर भारतात १९५९ च्या सुमारास आले आणि तेव्हापासून मराठी घरे आतल्या झाकणाची आणि बाहेरच्या झाकणाची अशी दोन पंथांत विभागली गेली. दोन्ही कंपन्या आज दोन्ही प्रकार बनवतात, पण पंथ कारखान्याला विचारून चालत नाहीत. आतले झाकण लंबगोल असते. ते तिरके करून आत सरकवायचे आणि मग वर ओढून अडकवायचे; आतला दाबच ते तोंडाशी घट्ट धरतो. वाफ जिरेपर्यंत ते उघडता येत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. बाहेरचे झाकण ठेवून फिरवायचे असते. ते अर्धे फिरले की पूर्ण फिरले यावर सासरे-जावयांत मतभेद संभवतात, परंतु तोंड मोकळे राहते.

तोंड मोकळे राहण्याचे महत्त्व खोक्यावर लिहिलेले नसते. मराठी कुकर हे भात शिजवायचे भांडे आहे असे मानणे चूक आहे. तो भांड्यांची उतरंड वाफवायची खोली आहे. तळाशी जाळी आणि दोन पेले पाणी, त्यावर डाळीचे भांडे, त्यावर तांदळाचे, वर ताटली आणि ताटलीत दोन बटाटे. आतल्या झाकणाच्या कुकरला पोट मोठे आणि तोंड लहान असल्याने पोटात सहज बसणारे भांडे तोंडातूनच आत जात नाही, आणि गेले तर झाकणाला फिरायला जागा उरत नाही. शिवाय घरातली जुनी कुकरची भांडी टाकवत नाहीत. त्यांच्यावर मामांचे नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असते. अशा वेळी कुकरने भांड्यांशी जुळवून घ्यायचे असते. कुकर घेताना जुनी दोन भांडी पिशवीत घालून नेणे हाच एकमेव विश्वासार्ह मोजमापाचा मार्ग आहे. तुळशीबागेतल्या गर्दीत ती पिशवी सांभाळणाऱ्याची नेमणूक आधीच करावी.

शिट्टीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. शिट्टी म्हणजे वाफेच्या भोकावर ठेवलेले वजन. दाब त्या वजनाला उचलण्याइतका झाला की वाफ सुटते, आणि वजन भागिले भोकाचे क्षेत्रफळ एवढाच दाब आत टिकतो. म्हणून हरवलेल्या शिट्टीच्या जागी दुसऱ्या कंपनीची शिट्टी ‘बसते आहे ना’ म्हणून लावणे हे धाडस आहे. सेफ्टी व्हॉल्व्हचेही तसेच. त्यातली मिश्रधातूची टिकली पाणी आटून कुकर अति तापला की वितळते आणि सगळी वाफ एकदम बाहेर पडते. तो अनुभव आणि छतावरचा पिवळा डाग दीर्घकाळ टिकतात.

घरात शिट्टी हे कालमापनाचे एकक मानतात. ते सदोष आहे. आच मोठी असेल तर शिट्ट्या लवकर होतात, कुकर लहान असेल तर आणखी लवकर. शिजणे मात्र वेळेवर ठरते. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटे मोजावीत, ही शास्त्रीय पद्धत कुकरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका वॉरंटी कार्डासोबत खणात जाते. प्रत्यक्षात आंबेमोहोराला दोन शिट्ट्या, उकड्या तांदळाला पुष्कळ, मटणाला ‘मी सांगेन तेव्हा’ असे घराघराचे संकेत असतात. शिट्ट्या मोजण्याचे काम नेहमी अशा व्यक्तीकडे सोपवलेले असते जी त्या वेळी मॅच पाहत आहे. चाळीत आणि जुन्या सोसायट्यांत शेजारच्या शिट्ट्याही त्यात जमा होतात, म्हणून शक्य तर शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या आवाजाचा कुकर घ्यावा. दुकानदार रिकामा कुकर वाजवून दाखवणार नाही, हे खरे. त्यासाठी शेजारचा प्रकार आधी पाहून ठेवावा.

प्रत्यक्ष खरेदीला किती माणसे न्यावीत? दोन पुरेत, चार जातात. त्यांच्या मतांचे वजन करताना एक नियम बहुतेक घरांत लागू पडतो: मताचा ठामपणा आणि कुकर लावण्याचा अनुभव व्यस्त प्रमाणात असतात. ज्यांनी आयुष्यात कधी रिंग धुतलेली नाही ते झाकणावर वाकून धातूची जाडी बोटाने तपासतात. जी रोज कुकर लावणार ती एकदाच दांड्याला हात लावून बघते आणि गप्प बसते. विक्रेता अनुभवी असेल तर तो बोलतो पहिल्यांशी, पण खोके पुढे सरकवतो दुसरीकडे. दांडा तिच्या हाताला जमतो का, भरलेला कुकर तिला एका हाताने ओट्यावर उतरवता येईल का, या दोनच तपासण्यांना वेळ द्यावा. खोक्यावर आयएसआयचे चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक पाहून घ्यावा. घरगुती कुकरला हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. त्याच कंपनीच्या दोन जादा रिंगा लगेच घ्याव्यात. वॉरंटीत रिंग नसते, आणि रिंग संपते ती नेमकी दिवाळीच्या आदल्या रात्री.

घरी आणल्यावर पहिले आठ दिवस भात चिकट किंवा फडफडीत होईल आणि जुना कुकर कसा चांगला होता यावर चर्चा होईल. शिट्ट्यांचा जुना तक्ता नव्या कुकरला लागू होत नाही, एवढेच त्याचे कारण. या काळात पिठलं-भाकरी किंवा खिचडी करावी. पिठल्याला कुकर लागत नाही आणि खिचडी मऊ झाली तरी चालते.

जुन्या कुकरची विल्हेवाट हा शेवटचा टप्पा. एक्स्चेंजमध्ये त्याला मिळणारी रक्कम ऐकून तो परत आणला जातो. त्याची रिंग आणि शिट्टी काढून टाकावी, तळाशी मिठाचा थर पसरून वर जाळी ठेवावी. मंद आचेवर त्यात रव्याचा केक आणि नानकटाई चांगली भाजली जाते, त्यामुळे ओव्हन घेण्याचा प्रश्न काही वर्षे पुढे ढकलता येतो. फक्त दांडा आधी घट्ट करून घ्यावा.