अडतीस की पस्तीस

व्हॉल्व्ह इतिहासजमा झाले, असं फक्त आजोबांचा रेडिओ भंगारात घालणाऱ्यांना वाटतं. स्लोव्हाकियातल्या चाद्‌त्सा गावी, रशियातल्या सारातोवला आणि चीनमध्ये आजही कारखाने काचेच्या नळ्यांतून हवा उपसत बसलेत, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आम्ही गिटारवाले. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि रशियातून व्हॉल्व्ह येणं बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका बेसवाल्याने कपाटात बायकोच्या पैठण्या वरच्या फळीवर सरकवून खाली ईएल-३४ जातीच्या व्हॉल्व्हचा साठा केला. पुढे माल पुन्हा येऊ लागला. पैठण्या अजून वरच आहेत.

माझ्याकडे पन्नास वॉटचा मार्शल ॲम्प आहे, तोही ईएल-३४ वरच चालतो. हा ॲम्प काढणारे जिम मार्शल स्वतः ड्रमवाले, ड्रम शिकवणारे. लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेहून येणारे फेंडर ॲम्प गिऱ्हाइकांना परवडेनात, म्हणून १९६२ साली केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांनी मार्शलसाठी फेंडरच्या बासमनवरून पहिला ॲम्प जोडला. गिटारवाल्यांच्या हाती एवढा मोठा आवाज एका ड्रमवाल्याने का दिला असावा, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. नंतर सगळ्यात जास्त तक्रार ड्रमवालेच करतात.

पॉवर व्हॉल्व्ह जायला लागला की नोटीस देत नाही. खालचे सूर सैल पडतात, आवाजातला जोर ओसरतो. मग माणूस आधी तारा बदलतो, मग केबल, मग पेडल, मग गिटारचा क्लास. मागून डोकावून बघायचं शेवटी सुचतं. आतल्या तंतूचा नारिंगी उजेड असतोच, तो हवाच. पण त्याभोवतीची राखाडी प्लेट लाल दिसायला लागली की आधी स्विच बंद करायचा, चर्चा नंतर. आमच्या बँडमधल्या मित्राने चर्चा आधी केली. "ऊब गेलीय रे," तो डोळे मिटून म्हणाला. "मधाळपणा राहिला नाही. मिड्स बोलत नाहीयेत."

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागे एक काका आहेत. उभी हयात त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली. मार्शल पहिल्यांदा समोर आला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला होता आणि निदान केलं होतं, "रेडिओच आहे. स्टेशन लागत नाही एवढंच."

या वेळी ईएल-३४ ची नवीन जोडी मीच घेऊन गेलो होतो; मित्रही सोबत होता. जोडी मोजून जुळवलेलीच लागते. "दोघं एकाच पगारावर हवेत," काका म्हणाले, "नाहीतर एक राबतो आणि दुसरा बघतो." त्यांनी चॅसी बाहेर काढून टेबलावर उताणी केली. वायर भिंतीतून काढलेली होती, तरी त्यांचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला. मोठ्या कपॅसिटरांमध्ये प्लग काढल्यावरही चारशेच्या वर व्होल्ट मुक्कामाला असू शकतात. एक हात आत आणि दुसरा चॅसीवर असला, तर विजेचा रस्ता छातीतून जातो. काकांनी रेझिस्टर लावला आणि मीटरवरचा आकडा शून्याजवळ येईपर्यंत चहासुद्धा उचलला नाही. मग बुडाला धरून, हळूहळू डोलवत, जुने दोन्ही व्हॉल्व्ह उपटले. नवे बसवताना मधली खुंटी खाचेत आली की नाही ते अंगठ्याने चाचपलं. स्पीकरची वायर दोनदा ओढून पाहिली. स्पीकर न जोडता ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरचा बळी जातो, आणि तो व्हॉल्व्हपेक्षा फार महाग असतो.

मग बायस. व्हॉल्व्हच्या ग्रिडला ऋण व्होल्टेज द्यायचा. तो जितका जास्त ऋण, तितके कमी इलेक्ट्रॉन प्लेटकडे सुटतात. गिटार कोपऱ्यात उभी असताना ॲम्पमधून किती करंट वाहायचा, हे त्यावर ठरतं. फार कमी वाहिला तर आवाज कोरडा आणि खरखरीत, फार वाहिला तर प्लेट लाल. ईएल-३४ च्या प्लेटला २५ वॉट झेपतात. बसल्या जागी त्याच्या सत्तर टक्क्यांच्या वर, म्हणजे साडेसतरा वॉटच्या वर, जायचं नाही अशी कारागिरांची रीत आहे. बायसचा स्क्रू आधी पूर्ण थंड, म्हणजे कमीत कमी करंटच्या, बाजूला फिरवून काकांनी ॲम्प चालू केला. प्लेटवर ४७० व्होल्ट. काका करंट वाढवत गेले तसे व्होल्ट ४५५ वर उतरले, म्हणजे वॉटला व्होल्टने भागायचा हिशेब पुन्हा. काकांनी तो वीजबिलाच्या पाठीवर केला: साडेसतरा भागिले ४५५, अडतीस मिलीअँपिअर. कॅथोडखाली एक ओहमचा रेझिस्टर त्यांनी मागेच लावून ठेवला होता, त्यामुळे मीटर जितके मिलीव्होल्ट दाखवेल तितके मिलीअँपिअर. त्यातले चार-पाच खरं तर स्क्रीन ग्रिड खातो. काका ते धर्मादाय म्हणून सोडून देतात.

स्क्रू मात्र पस्तीसवर थांबला.

"काका, अडतीस ना?" मित्राने विचारलं.

"रात्री दहाला बाजार बंद झाला की भिंतीत दोनशे पंचेचाळीस येतात. मग तुझे अडतीस चाळिशी ओलांडणार. पस्तीस बरे."

"पण पस्तीस म्हणजे काठावर पास झाल्यासारखं वाटतं हो. अडतीसला जी ऊब येते ना..."

"ऊब? हात धर वर."

मित्राने खरंच हात धरला आणि लगेच मागे घेतला.

मी गिटार पिशवीतून काढेपर्यंत काकांनी इनपुटमध्ये खोचलेल्या केबलच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर भुंग करून गरजला. "झालं. चालू आहे." त्यांच्या लेखी चाचणी संपली होती. दोन्ही प्लेटा पुन्हा एकदा निरखून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

मित्र अजून मागे हटत नव्हता. "टोन थोडा उघडला असता, काका, स्क्रू अगदी केसभर..."

"टोनची बटणं पुढे आहेत," काका म्हणाले. "ट्रेबल, मिडल, बास, प्रेझेन्स. चार आहेत. वाटेल तशी फिरव. हा स्क्रू माझा." आणि खणातून सुनेची नेलपॉलिशची बाटली काढून त्यांनी त्या स्क्रूवर एक गुलाबी थेंब टेकवला.