ढेप आणि करदोडा

यवतमाळ जिल्ह्यात ‘वजन’ हा शब्द प्रामुख्याने कापसाच्या संदर्भात उच्चारला जातो, आणि त्याचा संबंध माणसाच्या शरीराशीही असू शकतो ही जाणीव तुलनेने अलीकडची आहे. कापूस काट्यावर चढला की काटा स्थिर होईपर्यंत शेतकरी श्वास रोखून उभा राहतो. त्यातला ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण हमीभाव मिळतो, १२ टक्क्यांच्या पुढे गेला तर सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारी सरकारी संस्था, माल घेतच नाही, आणि म्हणून अर्ध्या किलोवरून अर्धा तास वाद घालण्याचे शास्त्र येथे चांगलेच विकसित झालेले आहे. तोच शेतकरी कधीमधी काट्यावर स्वतः उभा राहतो तो केवळ काट्याची परीक्षा घेण्यासाठी, आणि समोरचा आकडा वाचून काटा खोटा असल्याच्या निष्कर्षावर येतो.

अशा प्रदेशात कॅलरी नावाचे परिमाण रुजले नाही यात नवल नाही. कॅलरी हे मुळात उष्णतेचे एकक; एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेला शास्त्रात किलोकॅलरी म्हणतात, आणि आहाराच्या तक्त्यांत तीच ‘किलो’ गाळून नुसती कॅलरी म्हणून वावरते. (नावातला किलो असा अलगद उतरवता येतो, हे या शास्त्राचे पहिले आणि बहुधा सर्वांत सोपे यश म्हणावे लागेल.) १८९० च्या दशकात विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने माणसांना एका बंद खोलीत दिवसचे दिवस ठेवले, ती काय खातात आणि किती उष्णता बाहेर टाकतात याची नोंद घेतली, आणि पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या दर ग्रॅममागे ४ तर स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅममागे ९ कॅलरी हा हिशेब रूढ केला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो तेव्हा यवतमाळातल्या कोणत्याही टिनाच्या खोलीत हा प्रयोग बिनखर्चात झाला असता. मात्र आतला माणूस उष्णता बाहेर टाकतो आहे की आत घेतो आहे, हे ठरवणे अ‍ॅटवॉटरला जड गेले असते.

खरी अडचण उष्णतेची नसून स्वयंपाकाची आहे. कॅलरी मोजायच्या तर पदार्थाला ठरावीक आकार, ठरावीक वजन आणि खाणाऱ्याला ठरावीक वाटा असावा लागतो, आणि वऱ्हाडी स्वयंपाकाने या तिन्ही अटी फार पूर्वीच फेटाळून लावल्या आहेत. वडाभाताचे उदाहरण पुरेसे बोलके आहे: भिजवलेल्या डाळी भरड वाटून त्यांचे वडे तळायचे, ते वाफाळत्या भातावर कुस्करायचे आणि वरून फोडणीचे गरम तेल सोडायचे. हे तेल चमच्याने मोजले जात नाही. त्याचे माप ‘धार’ हे आहे, आणि धार किती वेळ चालावी हे पाहुण्याच्या प्रकृतीवरून नव्हे, तर वाढणारीशी असलेल्या त्याच्या नात्यावरून ठरते. एक मोठा चमचा तेल सुमारे १२० कॅलरींचे असते, हे कोष्टकात सापडते. परंतु पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या पानावरची धार किती चमच्यांची असते, याचे कोष्टक कोणत्याही पोषणशास्त्रज्ञाने आजवर मांडलेले नाही, कारण त्यासाठी त्याला जावई म्हणून त्या पानावर बसावे लागेल आणि उठल्यानंतर तो कोष्टक मांडण्याच्या स्थितीत राहणार नाही.

रोडग्यांच्या बाबतीत तर गणितच बदलते. जाडसर कणकेचे, आत थर देऊन वळलेले हे गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजतात आणि फोडून, तुपात बुडवून, तुरीचे वरण व वांग्याची भाजी यांच्यासह खातात. रोडगे एकट्याने खायचे नसतात. त्यांना एखादे वावर किंवा देवस्थान, फेडायचा राहिलेला एखादा नवस, वीस-पंचवीस माणसे आणि भाजी कोणी करायची यावर आदल्या रात्रीचा वाद एवढी सामग्री लागते. या पंगतीत पूर्ण रोडगा घेतल्याचे कोणीही कबूल करत नाही. रोडगा नेहमी अर्धाच घेतला जातो, आणि चार वेळा घेतलेला अर्धा रोडगा यवतमाळी गणितात अर्धाच राहतो. त्यात आग्रह नावाचे बल काम करत असते. ‘घ्या ना जी, एवढूसंच तं हाये,’ हे त्याचे पहिले रूप पदार्थाच्या प्रमाणाविषयी असते आणि त्याला नकार देता येतो. परंतु ‘काहून, आवडलं नाही काय?’ हे दुसरे रूप दोन घराण्यांच्या संबंधांविषयी असते, आणि त्यावर आहारशास्त्राकडे उत्तर नाही.

कॅलरी न मोजता वजन राखण्याचा एक संघटित प्रयत्न महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला. काटोलचे आमदार राहिलेले आणि अनेक पदव्यांसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आपली पद्धत उभी केली: कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, मध्ये काही खायचे नाही, कारण प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोहोचवणारे आणि चरबीचा साठा टिकवणारे संप्रेरक, पाझरते. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर थोडे थोडे पण अनेकदा, आणि घरचे, आपल्या भागात पिकणारे खायला सांगत होत्या. २०१८ च्या सुमारास अनेक घरांत नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर अशी फाळणी झाली, आणि या वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, ती ही की कॅलरी मोजायला दोघांपैकी कोणीच सांगत नव्हते. यवतमाळने या वादात समन्वयाची भूमिका घेतली: दीक्षितांची दोन जेवणे आणि दिवेकरांची मधली खाणी अशी दोन्ही एकाच दिवसात स्वीकारण्यात आली, ५५ मिनिटे ही कमाल मर्यादा नसून किमान अट असल्याचे मानले गेले, आणि चहाबरोबरचा चिवडा हा चहाचाच भाग असल्याने तो खाण्यात धरला गेला नाही.

दीक्षितांच्या पद्धतीतला चालण्याचा भाग मात्र येथल्या मापात बसवून पाहण्यासारखा आहे. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे ते सांगतात. आता सोयाबीनच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, दीड फूट अंतर असते असे धरले, तर एक एकर डवरताना, म्हणजे बैलांमागे डवरा धरून ओळींमधले तण काढताना, माणूस सुमारे ९ किलोमीटर चालतो. म्हणजे दीक्षितांचे चालणे हे अर्ध्या एकराचे चालणे होय, आणि दिवसाकाठी दोन एकर डवरणाऱ्या माणसाने चार दीक्षित न्याहारीसकट पचवलेले असत. आज तणनाशकाचा पंप आणि वावरापर्यंत जाणारी मोटारसायकल यांनी हे नऊ किलोमीटर वाचवले; वाचलेले किलोमीटर गेले कुठे, हे कमरेकडे पाहिले की कळते. शहरात नेहरू स्टेडियमभोवती पहाटे त्यांची भरपाई करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही परतताना तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी थांबून केलेली भरपाई पुन्हा भरून काढतात.

या सर्व गोंधळात जिल्ह्यातल्या एका जिवाचे वजन मात्र पिढ्यान्‌पिढ्या बरोबर राखले गेले आहे, आणि तो जीव म्हणजे बैल. बैलाच्या कॅलरी कोणी मोजल्या नाहीत आणि त्याला काट्यावरही कोणी चढवले नाही. मालक त्याच्याकडे मागून एकदा, बाजूने एकदा पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, आणि बरगड्या दुरून मोजता आल्या तर बैल उतरला, बरगड्या बोटांनी शोधाव्या लागल्या तर बैल माजला, असा निर्णय देतो. पशुवैद्यकात याच पाहणीला शरीरस्थितीचे गुणांकन असे भारदस्त नाव आहे आणि तिथेही बरगड्या, कण्याची हाडे आणि माकडहाडाभोवतीची चरबी पाहून गुण देतात. मालकाने फक्त गुणपत्रिका छापलेली नाही. निर्णयानंतरची कृती तितकीच साधी असते. पेरणी-डवरणीच्या दिवसांत बैलाला ढेप मिळते. ढेप म्हणजे सरकीचे तेल काढून घेतल्यावर उरणारा, प्रथिनांनी भरलेला पेंडीचा थर. कामे सरली की ढेप कमी होते आणि गव्हाणीत कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, व कडबा उरतो. काम असेल तसा खुराक, हे तत्त्व कोणत्याही विद्यापीठात न जाता गोठ्यात पोहोचलेले आहे. ते गोठ्यातून घरात, म्हणजे अवघ्या वीस पावलांवर, पोहोचू शकलेले नाही, ही गोष्ट मानवी बुद्धीच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावी अशी आहे. डवरणी संपल्यावर बैलाची ढेप थांबवणारा मालक स्वतःची ढेप मात्र दिवाळीपर्यंत वाढवत नेतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, त्यांना रीतसर जेवणाचे आमंत्रण देतात, आणि पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालतात. दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा कुटारापाशी येतो आणि त्याविषयी कोणतीही तक्रार करत नाही. मालकाला त्याच पुरणाच्या पोळ्या तिसऱ्या दिवशी दुधात कुस्करून मिळतात.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. जुन्या छायाचित्रांतली शेतकरी माणसे सडसडीत दिसतात म्हणून त्यांच्या आहाराचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. त्या सडपातळपणात भाकर आणि चाल यांचा वाटा होता तसा न मिळालेल्या दुसऱ्या भाकरीचाही होता. कापूस वेचणाऱ्या बाईला आजही किलोच्या हिशेबाने मजुरी मिळते. दिवसभर वाकून ओटीत जमवलेला कापूस संध्याकाळी जोखला जातो, आणि तिच्या लेखी वजन म्हणजे तेच. तिला आरोग्यदायी वजनावर व्याख्यान देणे हा विनोदाचाही विषय नाही. या निबंधाचा विषय असलेला माणूस काट्याच्या दुसऱ्या बाजूला, खुर्चीत बसलेला असतो.

ज्वारीच्या भाकरीला तिचे श्रेय तेवढे द्यावे लागेल, मात्र ते ज्वारीपेक्षा थापण्याला अधिक जाते. भाकर एकेक थापली जाते, तव्यावरून आरात आणि आरातून पानात येते, आणि पुढची येईपर्यंत खाणाऱ्याला थांबावे लागते. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो, तो वेळ या थांबण्यात आपोआप मिळतो. पोळ्यांची चवड आधीच तयार असते आणि ती असा वेळ देत नाही. सोयाबीनने ज्वारीला वावरातून हाकलले, आता शहरातली दुकाने तिचे पीठ सुबक पाकिटात ‘आरोग्यासाठी’ म्हणून विकतात. पाकिटासोबत थापणारी मिळत नाही.

बारीक दिसणारा माणूस सुरक्षित असतो, हाही भ्रम पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दूर केला. त्यांचे आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस हातापायांनी बारीक आणि आतून, विशेषतः पोटाशी, चरबीदार असू शकतो, हे दाखवणारे ते चित्र होते. याज्ञिक आणि युडकिन या दोन ‘य’कारांच्या पंक्तीत यवतमाळचा तिसरा ‘य’ बसवायला कोणाचीच हरकत नसावी. या निरीक्षणाचा व्यवहारातला अर्थ एवढाच की भारतीयांनी वजनकाट्यापेक्षा कमरेवर लक्ष ठेवावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात.

आणि येथेच करदोड्याचे महत्त्व उघड होते. करदोडा म्हणजे पुरुष कमरेला बांधतात तो काळा गोफ; त्याचा उपयोग लंगोट अडकवण्यापासून दृष्ट टाळण्यापर्यंत सांगितला जातो, परंतु चोवीस तास कमरेवर राहणारे, रोज आंघोळीच्या वेळी तपासले जाणारे आणि बिनविजेचे असे हे कंबर मोजण्याचे साधन आहे, हा उपयोग कोणी लिहून ठेवलेला दिसत नाही. ‘हात’ हे माप, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ४५ सेंटिमीटर भरते. म्हणजे तज्ज्ञांचे ९० सेंटिमीटर हे गाठीपुरता दोरा सोडून बरोबर दोन हात होतात. दोन हातांचा करदोडा कमरेला रुतू लागला की ढेप थांबवायची, एवढ्यात सारे शास्त्र आटोपत होते. इलॅस्टिकच्या पायजम्याने ही व्यवस्था मोडली, कारण इलॅस्टिक माणसाला कधीही काही बोलत नाही.

तरीही आठवडी बाजारात करदोड्यांचा जुडगा खांद्यावर टाकून फिरणारा विक्रेता अजून दिसतो. तो फीत वापरत नाही. गिऱ्हाइकाकडे एकदा समोरून आणि एकदा बाजूने, बैल पाहावा तसा पाहतो, कोपराला दोरा लावून दोन हात मोजतो, किंचित थांबतो, मग काहीही न बोलता आणखी एक वीत दोरा सोडून कात्री चालवतो. गिऱ्हाइकाने त्या जास्तीच्या वितीकडे रोखून पाहिलेच, तर तो पैसे खिशात टाकता टाकता म्हणतो, ‘धुतल्यावर दोरा आटते जी.’